पापुद्रा मालकाने काढायचा

लेकीने सल्ला विचारला तेव्हा फ्रिजवाले दाढी करत होते, आणि आनंदाच्या भरात त्यांनी हनुवटी कापून घेतली.

तसा प्रश्न साधाच होता. "बाबा, माझा कॉम्प्युटर फार तापतोय. त्याला गार ठेवायला काय घ्यावं, बघता का जरा?" एवढंच. पण माणसाने उभी हयात लोकांचे फ्रिज आणि एसी दुरुस्त करण्यात घालवावी, साऱ्या गल्लीने त्याचं खरं नाव विसरून त्याला फ्रिजवाले म्हणावं, आणि पोटच्या पोरीने मात्र घरात कॉम्प्युटर आल्यापासून एका अक्षराने काही विचारू नये! उलट तेच तिच्या दारात फोन घेऊन उभे राहायचे, अक्षरं मोठी कशी करायची म्हणून. ती मान वर न करता, दोन बोटांत करून द्यायची. तेव्हा आता कापलं तर कापलं.

"मला विचारतेस?" त्यांनी गालावरचा फेस तसाच ठेवून विचारलं.

"मग कुणाला विचारू? घरात गार करायचा धंदा तुमचाच ना?"

"झालं," स्वयंपाकघरातून त्यांची बायको म्हणाली. "आता आठवडाभर ह्यांचे पाय जमिनीला लागायचे नाहीत."

लेकीला ते ठमी म्हणत. लहानपणी गालाने आणि हट्टाने ती ठमीच होती. पुढे गाल गेले, हट्ट राहिला. एका फोटो स्टुडिओत ती नोकरीला होती, आणि काम काय, तर लग्नाच्या फोटोंत नवऱ्यामुलाच्या नाकावरची मुरुमं पुसायची. एक दिवस म्हणाली, "माझं आयुष्य मुरुमांत चाललंय," आणि नोकरी सोडून घरी आली. मागच्या खोलीत टेबल मांडलं आणि कॉम्प्युटरवर हलती चित्रं करायला लागली. जवळच्या विज्ञान संग्रहालयाला नव्या दालनात भिंतभर मधमाश्यांचं पोळं दाखवायचं होतं. साधी फिल्म नाही. बघणाऱ्याने समोर बसवलेली मूठ फिरवली की तो पोळ्यात शिरणार, आणखी फिरवली की राणीमाशीपर्यंत जाणार. ठमीने केलेला छोटा नमुना तिथल्या मॅडमना आवडला होता. आता त्या स्वतः घरी येऊन पूर्ण पोळं चालताना बघणार होत्या. एक मोठा स्टुडिओही रांगेत होता. पोळं चाललं तर काम ठमीचं. नाही चाललं तर परत मुरुमं.

आणि पोळं चालत नव्हतं. माश्याच इतक्या, की कॉम्प्युटरचा मेंदू, ज्याला प्रोसेसर म्हणतात, तो धापा टाकायचा. मग ठमीने कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा त्याला जास्त पळवायला सुरुवात केली. याला ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. माश्या झकास उडू लागल्या, पण थोड्या वेळाने मेंदू तापून लाल व्हायचा आणि सगळं फट्कन बंद.

"म्हणजे कॉम्प्रेसरला जास्त व्होल्टेज दिल्यासारखं," फ्रिजवाले म्हणाले. "आधी गातो, मग रडतो, मग जळतो. कंपनीवाले काय मूर्ख आहेत का वेग ठरवायला?"

"बाबा, पळवू का नको हे मी विचारलेलं नाही. पळवणारच आहे. गार कसं करायचं ते विचारलंय."

"अगदी बरोबर," ते घाईघाईने म्हणाले. आलेली लक्ष्मी दारातून परत पाठवण्याइतके ते काही खुळे नव्हते.

बातमी मेव्हण्याच्या कानावर जायला वेळ लागला नाही. त्याचा लगेच फोन. "दाजी, एवढं काय त्यात? कॉम्प्युटर उचला आणि फ्रिजमध्ये ठेवा की!" फ्रिजवाल्यांनी त्याला सांगितलं, फ्रिज हा भाजी गार ठेवायला असतो, भाजी स्वतः तापत नाही. आत सतत तापणारी वस्तू ठेवलीस तर बिचारा फ्रिज धावून धावून मरेल, आणि वर दार उघडलंस की थंड यंत्रावर घाम सुटेल, त्या पाण्याने आतलं सगळं जळेल. मेव्हणा म्हणाला, "मी आपलं सुचवलं." हा मनुष्य कायम आपलं सुचवत असतो.

संध्याकाळी बापलेक दुकानात गेली. कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणारा दुकानदार ठमीच्या ओळखीचा. अंगाने काडी, आवाज मात्र लाउडस्पीकरचा. त्याने काउंटरवर दोन खोकी ठेवली.

पहिलं पाण्याचं. मेंदूवर एक पंप बसणार, त्यातून दोन रबरी नळ्या निघणार, पाणी उष्णता घेऊन पंख्यांच्या जाळीकडे जाणार आणि गार होऊन परत येणार. शिवाय त्यात दिवे होते. निळे, जांभळे, नाचणारे. ठमीचे डोळे त्या दिव्यांवरच होते. तिने रात्रंदिवस व्हिडिओ बघितले होते आणि आकडे पाण्याच्या बाजूने होते.

"गळलं तर?" फ्रिजवाल्यांनी विचारलं.

"काका, गळत नाही हो हे."

"असं मीसुद्धा गिऱ्हाइकांना सांगायचो."

ठमीने हसू दाबलं. दुकानदार मात्र चपापला.

"बरं, पंप बंद पडला तर?"

"वॉरंटी आहे ना, काका."

"वॉरंटीने पाणी फिरतं का? मॅडम समोर बसल्यात, पंप बंद पडलाय, तर काय त्यांना वॉरंटीचा कागद वाचून दाखवायचा?"

मग त्यांनी दुसरं खोकं ओढलं. ते वाऱ्याचं. त्यात एक धूड होतं: खाली तांब्याचा सपाट तळ, त्यातून वर गेलेल्या तांब्याच्या नळ्या, नळ्यांवर पत्र्याच्या पातळ पाकळ्यांची चळत, दोन्ही बाजूंना पंखे आणि डोक्यावर काळं चकचकीत झाकण. त्यांनी ते हातात तोलून बघितलं. नळीवर नखाने टिचकी मारली.

"ह्या नळ्या भरीव नाहीत. आत काय आहे?"

"थेंबभर द्रव असतं. खाली तापलं की त्याची वाफ होते, वर जाते, पाकळ्यांत गार होते आणि पाणी होऊन परत खाली."

फ्रिजवाल्यांनी ते धूड दोन्ही हातांत धरलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की दुकानदाराला वाटलं, काकांना यात कुणीतरी नातेवाईक दिसला. एका परीने तसंच होतं. "अगं ठमे, हा तर बिनकॉम्प्रेसरचा फ्रिज! आपल्याच घराण्यातला! ना पंप, ना गळती. फार तर पंखा बंद पडेल, आणि पंखा कुठेही मिळतो. हा घे. डोळे मिटून घे."

"आवाज करेल बाबा. मॅडम येतील तेव्हा घूं घूं करत बसेल."

"मोठा पंखा हळू फिरतो, हळू फिरला की आवाज कमी. ओरडतो तो छोटा पंखा." ते बोलताना दुकानदाराकडे बघत नव्हते असं त्यांचं म्हणणं आहे.

ठमीने पिशवीतून टेप काढली. कॉम्प्युटरच्या डब्याची खोली तिने घरूनच मापून आणली होती. धूड आत बसत होतं, जेमतेम. तिने एकदा दिव्यांकडे बघितलं, एकदा बापाकडे. मोठा सुस्कारा सोडला.

"बाबा म्हणतात ना, मग हाच."

फ्रिजवाल्यांच्या छातीत काहीतरी सुखाने हललं, आणि मग हिशोब ध्यानात आला. आता पोळं चाललं तर बरं, नाही चाललं तर ते त्यांच्यामुळे नाही चाललं.

"बघा हं," दुकानदार पावती फाडत म्हणाला. "उद्या आमची सुट्टी. बदलून मागायला आलात तर कुलूप भेटेल."

मॅडम उद्याच यायच्या होत्या, दुपारच्या चहाला.

सकाळी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून बापलेक कामाला लागली. आता इथे फ्रिजवाल्यांचा एक नियम सांगायला हवा, कारण सगळं रामायण त्या नियमाने केलं.

नवीन वस्तूवर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो, ओरखडे पडू नयेत म्हणून. फ्रिजवाल्यांचा नियम असा, की तो पापुद्रा मिस्त्रीने काढायचा नाही. मालकाने काढायचा. शिकाऊ असताना त्यांनी एकदा एका नव्या फ्रिजवरचा पापुद्रा उत्साहाने ओरबाडून काढला होता, तेव्हा त्यांच्या वस्तादाने भर घरात त्यांचा कान पिळला. "तुझ्या बापाचा आहे का फ्रिज? अरे, माणसं वर्षानुवर्षं वाट बघतात या एका आवाजाची. तो तू घेऊन टाकलास?" तेव्हापासून त्यांनी हजारो यंत्रं बसवली, पण पापुद्र्याला नख लावलं नाही. काम झालं की हात पुसायचे, दोन पावलं मागे सरायचं आणि म्हणायचं, "हं, मालक, काढा." मग टर्रर्र असा आवाज व्हायचा आणि घरातली सगळी माणसं हसायची.

ठमी लहान असताना सुट्टीत त्यांच्यासोबत कामावर जायची. तिचा तो टुकुटुकु बघणारा चेहरा पाहून गिऱ्हाइकं म्हणायची, "काढ गं तू." ती आधी बापाकडे बघायची. त्यांनी मान हलवली तरच काढायची. मग तो पापुद्रा घरी आणून आपल्या फ्रिजच्या कुशीला चिकटवायची. त्यांचा स्वतःचा फ्रिज कुणीतरी टाकून दिलेला, त्यांनी दुरुस्त करून आणलेला. त्याच्यावर कधीच पापुद्रा नव्हता. खरं तर फ्रिजवाल्यांनी आयुष्यात एकही पापुद्रा स्वतः काढलेला नव्हता. मालक म्हणून नवीन वस्तूसमोर उभं राहायची वेळच आली नाही. त्याचं त्यांना वाईट वाटायचं असंही नाही, कधी मनातच आलं नाही.

तर ठमीने कॉम्प्युटरचा डबा उघडला, जुना पंखा काढला, मेंदूवरचा जुना वाळलेला मलम पुसला. होय, मलमच, मेंदू आणि तांबं यांच्यात बारीकशी फट राहू नये म्हणून एक राखाडी लेप लावतात. फ्रिजवाल्यांनी धूड खोक्यातून काढलं. उलटं करून बघितलं. तळाच्या तांब्यावर पापुद्रा होता, आगपेटीएवढा, काचेसारखा नितळ. त्यांनी वरून फडक्याने धूळ पुसली, धूड सरळ करून ठमीसमोर ठेवलं आणि नेहमीच्या सुरात म्हणाले, "हं, मालकीणबाई, काढा."

एवढ्यात एक स्क्रू टेबलावरून घरंगळला. ते टेबलाखाली शिरले. चष्मा कपाळावर, एक गुडघा कुरकुरतोय, आणि वरून आवाज आला: टर्रर्र.

खाली अंधारात ते स्वतःशीच हसले. त्यांनी मनातल्या मनात हात पुसले.

पुढचं काम सराईत माणसांसारखं झालं. ठमीने मेंदूवर नवा मलम लावला, वाटाण्याएवढा. फ्रिजवाल्यांनी धूड दोन्ही हातांनी अलगद वरून उतरवलं, तिने स्क्रू आवळले, एक इकडचा, एक तिकडचा, आळीपाळीने. बटण दाबलं. पंखे फिरले आणि आवाज म्हणाल तर, बायकोने येऊन विचारलं, "चालू आहे की बंद?" फ्रिजवाल्यांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू पंखा त्यांनीच जन्माला घातला होता.

ठमीने पोळं उघडलं. माश्या उठल्या. पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा होता, तो चढायला लागला. चढला. आणखी चढला. जुन्या पंख्यावर जेवढा वेळ लागायचा तेवढाही न घेता शंभरीला टेकला आणि पडदा काळा झाला.



"स्क्रू," फ्रिजवाले म्हणाले. "स्क्रू सैल असतील." स्क्रू घट्ट होते. "पंख्याची दिशा?" दिशा बरोबर होती. ठमीने पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. आता त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी दुकानदाराला फोन लावला. फोन नुसता वाजत राहिला. सुट्टी म्हणजे सुट्टी.

"पाण्याचाच घ्यायला हवा होता," ते हळूच म्हणाले.

ठमीने त्यांच्याकडे बघितलं नाही. "जाऊ दे, बाबा. वेग कमी करते. थोड्या माश्याही कमी करते. दाखवण्यापुरतं चालेल."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ठमी लहानपणी रागावली की घर डोक्यावर घ्यायची, ते त्यांना परवडलं असतं. हे समजूतदार बोलणं ऐकून त्यांना कुठेतरी जाऊन तोंड लपवावंसं वाटलं. तोंड लपवायला त्या घरात स्वयंपाकघर सोडून जागा नव्हती, म्हणून ते तिथे जाऊन स्टुलावर बसले.

"हात दाखवून अवलक्षण," बायको कप मांडत म्हणाली. "पोरीला आवडला होता तो दिव्यांचा घेऊ द्यायचा होता. पण नाही! ह्यांच्या घराण्यातला निघाला ना!" मग त्यांचा चेहरा बघून तिने एक बिस्कीट त्यांच्या हातात दिलं. ते त्यांनी खाल्लं नाही, नुसतं धरून बसले.

मॅडम वेळेवर आल्या. भारदस्त बाई, हसणं खोलीभर. हातात कोरा करकरीत फोन, त्याच्या काचेवर दुकानातला पापुद्रा अजून तसाच, कोपऱ्यांत बुडबुडे आलेला. मागच्या खोलीत खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "चला, दाखवा तुमच्या माश्या."

स्वयंपाकघर आणि मागची खोली यांच्यात नुसता एक पडदा. फ्रिजवाल्यांना सगळं ऐकू येत होतं. आधी मॅडमचं "वा!" आलं. मग नुसतं "हं." मग, "ह्या माश्या मधेच थबकतात का हो?" ठमी काहीतरी म्हणाली. नंतर कीबोर्डचे दोन ठोके ऐकू आले. ते फ्रिजवाल्यांना लगेच कळले. पोरीने वेग वाढवला होता. हट्ट तो हट्टच. थोडा वेळ मॅडम एकदम गप्प झाल्या, बघण्यासारखं काही असलं की माणूस गप्प होतो तसं. आणि मग पंखे थांबले.

"बंद पडलं?"

"हो," ठमी म्हणाली.

"तापतो वाटतं फार. कूलर बरा नाही का?"



"नाही, नाही, कूलर उत्तम आहे," ठमी म्हणाली. "माझ्या बाबांनी निवडलाय, आयुष्यभर हेच काम केलंय त्यांनी. चूक माझी असणार. मीच काहीतरी जास्त ताणलं."

बिस्किटाचा चुरा झाला. डोळे एकदम भरून आले, आणि बायकोला ते दिसू नयेत म्हणून ते उठले आणि दूध काढायचं निमित्त करून फ्रिजकडे वळले. फ्रिजच्या कुशीला ठमीच्या लहानपणचे पापुद्रे होते, पिवळे पडलेले, कडा वळलेले. त्यांच्यात एक नवा होता. आज सकाळचा. पोरगी एवढी मोठी झाली तरी तिने तो आणून तिथेच चिकटवला होता.

ते बघून त्यांना आणखीच रडू येणार होतं, पण आलं नाही. कारण तो पापुद्रा लांबट होता. चांगला हातभर नसला तरी वीतभर, गोल कोपऱ्यांचा.

त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. हा तर वरच्या काळ्या झाकणावरचा. तळावरचा आगपेटीएवढा होता, चौकोनी. मग तो कुठे आहे?

"अरे देवा," फ्रिजवाले म्हणाले.

"काय झालं?" बायको दचकली.

तो कुठे आहे हे त्यांना पक्कं कळलं होतं. तो तिथेच होता. मेंदू आणि तांबं यांच्या मधोमध, मलमात माखून, उष्णतेची वाट अडवून बसला होता. त्यांनी "काढा" म्हटलं तळावरचा म्हणून. ठमीला समोर दिसला तो झाकणावरचा, तिने तो काढला. आणि हे शहाणे टेबलाखाली बसून टर्रर्र ऐकून खूश.

एक क्षण त्यांच्या मनात आलं, गप्प बसावं. मॅडम गेल्या की हळूच उघडावं, काढावं, आणि स्क्रू आवळले म्हणून सांगावं. निवडही बरोबर ठरेल, अब्रूही राहील. पण मॅडम गेल्या की काम गेलं. आणि ती तिकडे त्यांची चूक स्वतःच्या अंगावर घेऊन बसली होती. फ्रिजवाल्यांनी पडदा बाजूला सारला.

"मॅडम, नमस्कार. मी बाप हिचा. चूक हिची नाही, कूलरची नाही. माझी आहे. मी यंत्र बसवताना पापुद्रा आतच ठेवला."

"पापुद्रा?" मॅडम म्हणाल्या.

"बाबा!" ठमी खुर्चीतून अर्धी उठली. तिला क्षणात उमगलं. "तळावर पण होता?"

"होता."

"मग तुम्ही काढला नाहीत?"

"मी कसा काढणार? मालकीण तू."

ठमीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. फ्रिजवाल्यांना वाटलं, रडतेय.  मग तिचे खांदे गदगदा हलायला लागले आणि हातांच्या फटींतून असा खिंकाळल्यासारखा आवाज आला की मॅडमही हसायला लागल्या, काय चाललंय ते न कळताच. ठमीने हसत हसत, अडखळत त्यांना नियम सांगितला, वस्तादाने कान पिळला तिथपासून.

"मॅडम, दोन कप चहा प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा द्या," फ्रिजवाले म्हणाले.

"अहो, तीन पिईन," मॅडम म्हणाल्या. "हे बघितल्याशिवाय मी हलत नाही."

ठमीने स्क्रू काढले. फ्रिजवाल्यांनी धूड उचललं, उलटं केलं, आणि तो होता. राखाडी मलमात लडबडलेला, चारही कोपऱ्यांनी ऐटीत चिकटलेला. बायको ट्रे घेऊन दारात आली होती. तिने वाकून बघितलं. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," ती म्हणाली, आणि कप मॅडमच्या हातात दिला.

फ्रिजवाल्यांचं नख त्या कोपऱ्यापासून केसभर अंतरावर होतं. मॅडम वाट बघत होत्या, काम टांगणीला लागलं होतं, आता कोण नियम बघतंय? पण त्यांनी धूड तसंच ठमीसमोर धरलं.

"हं, मालकीणबाई. काढा."

या वेळी तिथे गंमत नव्हती. हे शब्द ते पहिल्यांदाच तिला खरोखर म्हणत होते, आणि दोघांनाही ते कळलं. ठमीने आधी त्यांच्याकडे बघितलं, गिऱ्हाइकांच्या घरी बघायची तसं. त्यांनी मान हलवली.

टर्रर्र.

तांबं आरशासारखं उघडं पडलं. नवा मलम, स्क्रू, बटण. माश्या उठल्या. तापमान चढलं, आणखी चढलं, आणि शंभरीच्या पुष्कळ खाली येऊन तिथेच ठाण मांडून बसलं. ठमीने होता तेवढा सगळा वेग दिला, काढून टाकलेल्या सगळ्या माश्या परत आणल्या. मॅडमनी टेबलावरची मूठ फिरवली आणि त्या पोळ्यात शिरल्या. भिंतीभिंतींतून, मेणाच्या खोल्यांतून, पंखांच्या गर्दीतून राणीपर्यंत गेल्या. चहा निवला. आकडा हलला नाही. पंख्यांचा आवाज तर माश्यांच्या गुणगुणण्यात कळतही नव्हता.

"भिंत तुमची," मॅडम शेवटी म्हणाल्या. "दुसऱ्या स्टुडिओला मी कळवते." उठता उठता त्यांनी आपल्या फोनकडे बघितलं, बुडबुड्यांवर अंगठा फिरवला. "हा माझाच ना? मग मीच काढते." आणि तिथल्या तिथे काढला.

त्यांची पाठ वळल्याबरोबर फ्रिजवाले म्हणाले, "बघितलंस? वाऱ्याचाच बरोबर होता."

"बाबा, तुम्ही आता आठवडाभर काही बोलू नका," ठमी म्हणाली, आणि त्यांच्या गळ्यात पडली. आगपेटीएवढा पापुद्रा तिने स्वच्छ धुऊन फ्रिजच्या कुशीला लावला. बायको म्हणाली, या घरात फ्रिज कमी आणि चिकटपट्ट्या जास्त; पण काढला नाही.

दालन पुरं व्हायला बरेच महिने गेले. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ठमीने आईबाबांना तिथे बोलावून घेतलं. भिंतीवर मोठे पडदे ओळीने जोडून एकच प्रचंड पडदा केला होता. शेवटचा भाग नुकताच बसवला होता आणि दोन कामगार त्याच्यावरचा पापुद्रा काढायला शिडीवर चढत होते.

"थांबा," ठमी म्हणाली. "तो राहू द्या. ते काढणार आहेत."

फ्रिजवाल्यांनी मागे वळून बघितलं, ते म्हणजे कोण म्हणून. मागे कुणी नव्हतं.

"अगं, मी कसा? मालकीण तू. नाहीतर त्या मॅडम."

"मॅडमना विचारलंय. आणि माझं म्हणाल, तर मी लहानपणी किती काढलेत, तुमच्या जिवावर. तुम्ही एक तरी काढलात का?"

 फ्रिजवाल्यांनी खिशातून रुमाल काढला, एकेक बोट पुसलं. पडद्याजवळ गेले, चष्मा नीट केला आणि कोपरा शोधायला लागले. कोपरा सापडेना. उभी हयात लोकांना काढायला सांगितलं, पण धरायचा कुठून हे त्यांना माहीतच नव्हतं.

"इथून, बाबा," ठमी म्हणाली, आणि त्यांचा अंगठा कोपऱ्यावर ठेवून दिला. मग तिने दोन्ही हात पुसले, दोन पावलं मागे सरली आणि म्हणाली, "हं, मालक. काढा."